शिरोलीतला सर्व्हर, राजारामपुरीतला डिझायनर: दूरच्या लिनक्सवर फ्लोटिंग लायसन्स बसवताना

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत उबुंटू २२.०४ चा सर्व्हर आहे, त्याला ना मॉनिटर ना कीबोर्ड. राजारामपुरीतल्या डिझाइन ऑफिसात तीन विंडोज मशिनवर कास्टिंग सिम्युलेशन चालवायचं आहे. व्हेंडरने, म्हणजे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने, फ्लेक्सनेट या लायसन्स-व्यवस्थेवर चालणाऱ्या फ्लोटिंग लायसन्सची (सर्व्हरवरून अनेक मशिननी वाटून वापरायच्या लायसन्सची) फाइल मेलवर पाठवली. सर्व्हरवर एलएमजीआरडी हा फ्लेक्सनेटचा मुख्य प्रोग्रॅम चालवला की ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ येतं, आणि फाइल तर समोर दिसते. कसाबसा सुरू झाला तर डिझायनरच्या मशिनवर कधी उणे १५ (सर्व्हरशी जोडणी होत नाही), कधी उणे ९६ (सर्व्हर बंद आहे किंवा उत्तर देत नाही) ही चूक येते. प्लांटला न जाता हे कसं बसवायचं, आणि लाइट जाऊन आल्यावर आपोआप चालू कसं होईल?

तुमच्याकडे तक्रार एक नाही, तीन आहेत, आणि त्या एकमेकींत अडकल्यात. पहिली लोडरची, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या फाइलची, दुसरी पोर्टची, तिसरी मशिनच्या नावाची. तिन्हींवर एकदम हात घातला की दिवस जातो आणि नेमकं कशाने चालू झालं तेही कळत नाही. म्हणून आतून बाहेर जायचं. आधी सर्व्हरवर सगळं जुळवा आणि सर्व्हरवरच तपासा, मग फायरवॉल बघा, डिझायनरचं मशिन सगळ्यात शेवटी. आतलं चालल्याशिवाय बाहेरच्याला हात लावू नका.

कमांड खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजीच्या लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठी अक्षरं लागतात तिथे तसं लिहिलं आहे.

सर्व्हरवर दोन प्रोग्रॅम चालतात, हे डोक्यात पक्कं असू द्या, कारण निम्म्या अडचणी तिथूनच निघतात. एक एलएमजीआरडी, दुसरा व्हेंडरचा स्वतःचा डीमन, म्हणजे मागे सतत चालू राहणारा प्रोग्रॅम. कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन आणि आतला स्टोअरकीपर यांच्यासारखं त्यांचं नातं आहे. डिझायनरचं सॉफ्टवेअर आधी वॉचमनकडे जातं. वॉचमन फक्त सांगतो, की स्टोअर अमुक नावाच्या मशिनवर, तमुक पोर्टवर आहे. माल, म्हणजे लायसन्सची सीट, स्टोअरकीपर देतो. गेट उघडं पण स्टोअरचं दार बंद, अशी अवस्था बहुतेकांची होते आणि ते गेटवरच भांडत बसतात.

लायसन्स फाइलच्या पहिल्या दोन ओळी साधारण अशा असतात:

सर्व्हर शिरोली-१ ००१ए४बी३सी२डी१एफ २७०००
व्हेंडर व्हेंडरडी /ऑप्ट/फ्लेक्सएलएम/व्हेंडरडी पोर्ट=२७००१

सर्व्हर, व्हेंडर आणि पोर्ट हे शब्द मूळ फाइलमध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत असतात. ‘व्हेंडरडी’च्या जागी तुमच्या व्हेंडरच्या डीमनचं खरं नाव असेल. या दोन ओळींत तुम्ही मशिनचं नाव, पहिला पोर्ट, डीमनचा पाथ आणि शेवटचं ‘पोर्ट=’ एवढं बदलू शकता. बारा अक्षरांचा होस्टआयडी (मशिनची ओळख) आणि खालच्या फीचर किंवा इन्क्रिमेंटच्या (काय, किती सीट, कधीपर्यंत हे सांगणाऱ्या) ओळी मात्र सहीबंद आहेत. त्यांतलं एक अक्षर जरी हललं तरी उणे ८ येतं, म्हणजे सही जुळत नाही.

होस्टआयडी देण्याआधी

हा होस्टआयडी म्हणजे सहसा नेटवर्क कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस, मधले कोलन काढून. फ्लेक्सनेटसोबत येणाऱ्या एलएमयूटिल या साधनाने ‘एलएमयूटिल एलएमहोस्टआयडी’ चालवलं की तो दिसतो, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. ‘आयपी लिंक’ने सगळे इंटरफेस बघा. सर्व्हरवर डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर त्याच्या आभासी ब्रिजचाही मॅक यादीत असतो, बहुधा ०२:४२ ने सुरू होणारा. केव्हीएमच्या आभासी कार्डाचा ५२:५४:०० ने सुरू होतो. असले आकडे व्हेंडरला कळवले तर डॉकर काढलात किंवा ब्रिज नव्याने तयार झाला त्या दिवशी लायसन्स गेलं म्हणून समजा. मदरबोर्डावरच्या, केबल लावलेल्या कार्डाचाच मॅक द्या. दोन कार्डं बाँड केली असतील तर दोन्ही एकच मॅक दाखवतात. खरा हवा तर ‘ईथटूल -पी’ वापरा, त्यातला पी मोठा. सर्व्हर व्हर्च्युअल मशिन असेल तर ते चालवणाऱ्या हायपरव्हायजरमध्ये मॅक स्थिर करून ठेवा. नाहीतर क्लोन केल्यावर नवा मॅक मिळतो आणि तुम्हाला उणे ९, म्हणजे चुकीचा होस्ट.

जुन्या डीमनची आणखी एक खोड आहे. त्यांना ईथ० नावाचाच इंटरफेस कळतो. तुमच्याकडे तो ईएनपी३एस० अशा नावाचा असेल तर होस्टआयडी रिकामा किंवा बारा शून्यं येतो. यावर बूट पॅरामीटरमध्ये ‘नेट.इफनेम्स=०’ टाकायचा उपाय सगळीकडे सुचवला जातो. समोर बसून करायला तो ठीक आहे. दूर बसून केलात तर रीबूटनंतर इंटरफेसचं नाव बदलतं, नेटप्लॅनची, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क मांडणीची, फाइल जुनंच नाव शोधत बसते आणि सर्व्हर नेटवरून गायब होतो. ज्या फांदीवर बसलोय तीच तोडायचा हा प्रकार आहे. आधी व्हेंडरकडे नवा डीमन मागा. बहुतेक वेळा तो मिळतो. नेटप्लॅनमध्ये कुठलाही बदल करायचाच असेल तर ‘नेटप्लॅन अप्लाय’ नको, ‘नेटप्लॅन ट्राय’ चालवा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर ते आपणहून जुन्या मांडणीवर परत येतं.

फाइल जशी आली तशीच पोचली पाहिजे

लायसन्स मेलच्या अटॅचमेंटमधून थेट सेव्ह करा. मेलमधला मजकूर कॉपी करून वर्डमध्ये चिकटवला की सरळ अवतरणचिन्हं वळणदार होतात, लांब ओळी मधेच तुटतात आणि ओळीच्या शेवटच्या बॅकस्लॅशमागे एखादी स्पेस येऊन बसते. बॅकस्लॅशचा अर्थ ‘ही ओळ पुढे चालू आहे’ असा असतो. त्यामागे स्पेस आली की अर्थ संपला. नोटपॅड तर नावाला शेवटी ‘.टीएक्सटी’ चिकटवतं आणि विंडोज ते लपवतं, ही आणखी एक मजा.

सर्व्हरवर पाठवायला एससीपी पुरेसं आहे, विंडोज १० पासून ते कमांड प्रॉम्प्टवरच मिळतं. विनएससीपी वापरत असाल तर ट्रान्सफर बायनरी मोडमध्ये ठेवा. टेक्स्ट मोडमध्ये लायसन्स फाइल कदाचित तरेल, पण एलएमजीआरडीचा प्रोग्रॅम बाद होतो. पोचल्यावर दोन्हीकडे फाइलचा चेकसम (मजकुरावरून निघणारा आकडा) जुळवा: विंडोजवर ‘सर्टयूटिल -हॅशफाइल फाइलचं-नाव एसएचए२५६’, लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’. मग ‘कॅट -ए’ (ए मोठा) चालवून ओळींचे शेवट बघा. नुसतं डॉलरचं चिन्ह असेल तर ठीक. डॉलरच्या आधी टोपीवाला एम दिसला तर फाइल विंडोजच्या ओळींची आहे. काही आवृत्त्या ते चालवून घेतात, काही नाही. ‘डॉस२युनिक्स’ फिरवा आणि विषय संपवा.

‘फाइल नाही’ म्हणतो ती फाइल कुठली?

आता तुमची पहिली तक्रार. एलएमजीआरडी समोर दिसतोय, चालवायची परवानगीही आहे, तरी शेल म्हणतं अशी फाइल नाही. शेल खोटं बोलत नाही, फक्त कुठली फाइल ते सांगत नाही. ‘फाइल ./एलएमजीआरडी’ चालवून बघा. उत्तरात ‘इंटरप्रीटर’ या शब्दापुढे /लिब६४/एलडी-एलएसबी-एक्स८६-६४.एसओ.३ असा पाथ दिसेल. हरवलेली फाइल ती. फ्लेक्सनेटचे हे प्रोग्रॅम एलएसबी नावाच्या जुन्या मानकाप्रमाणे बांधलेले असतात आणि त्यांना त्याच नावाचा लोडर लागतो. तो आजच्या उबुंटूवर मुळात बसवलेला नसतो.

लोडर तसा तोच आहे, नाव तेवढं वेगळं. म्हणून एक सिमलिंक, म्हणजे त्याच फाइलकडे नेणारं दुसरं नाव, पुरते: ‘सुडो एलएन -एस /लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२ /लिब६४/एलडी-एलएसबी-एक्स८६-६४.एसओ.३’. आधी खरी फाइल, मग नवं नाव. उलटं लिहू नका. पूर्वी यासाठी एलएसबी-कोअर हे पॅकेज बसवत. त्याच्यामागे ढीगभर पॅकेजेस येतात आणि नव्या आवृत्त्यांतून ते काढूनही टाकलं जातंय, त्यामुळे सिमलिंकच बरी. ‘फाइल’च्या उत्तरात एआरएम किंवा ३२-बिट असं काही दिसलं तर मात्र सिमलिंक कामाची नाही, व्हेंडरकडून बरोबर बांधणी मागवा.

हे सुटलं की लगेच पुढची अडचण: ‘/यूएसआर/टीएमपी/.फ्लेक्सएलएम’ ही डिरेक्टरी तयार करता येत नाही, एररनंबर २. उबुंटू आणि डेबियनवर /यूएसआर/टीएमपी नसतंच. ते /व्हार/टीएमपीकडे सिमलिंक करा. /टीएमपीकडे केलं तरी चालतं, पण ते रीबूटमध्ये साफ होतं.

जागेचं म्हणाल तर /ऑप्ट/फ्लेक्सएलएम करा, तिथे एलएमजीआरडी, एलएमयूटिल, व्हेंडरचा डीमन आणि लायसन्स फाइल ठेवा. एक वेगळा सिस्टिम यूजर करा, समजा फ्लेक्सएलएम, आणि सगळं त्याच्याच नावाने चालवा. रूटने चालवायचं काही कारण नाही. उलट एकदा रूटने चालवलं की /व्हार/टीएमपीमध्ये रूटच्या मालकीची लॉक फाइल राहते आणि नंतर साध्या यूजरला ती मोडता येत नाही. दोन प्रोग्रॅमच्या आवृत्त्याही बघून घ्या: एलएमजीआरडी व्हेंडर डीमनइतका किंवा त्याहून नवा हवा, आणि डीमन डिझायनरच्या सॉफ्टवेअरमधल्या फ्लेक्सनेटइतका किंवा त्याहून नवा. सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि सर्व्हर जुनाच ठेवला की ही साखळी तुटते.

पहिली फेरी हाताने

सर्व्हिस नंतर करा. आधी टीमक्स उघडा, म्हणजे एसएसएच (दूरून सर्व्हरवर शिरायची जोडणी) तुटलं तरी सेशन जिवंत राहील. मग फ्लेक्सएलएम यूजरने ‘एलएमजीआरडी -झेड -सी लायसन्स-फाइल’ असं चालवा. -झेडमुळे तो पुढ्यातच चालतो आणि लॉग स्क्रीनवर येतो. लॉग सावकाश वाचा. तुम्हाला हवी ती ओळ म्हणजे व्हेंडर डीमनच्या नावाने ‘सर्व्हर स्टार्टेड ऑन शिरोली-१ फॉर:’ आणि पुढे फीचरांची नावं. एखादं फीचर ‘अनसपोर्टेड’ किंवा ‘एक्स्पायर्ड’च्या यादीत गेलं असेल तर ते इथेच दिसतं, डिझायनरचा फोन यायची वाट बघावी लागत नाही.

दुसऱ्या खिडकीतून, त्याच सर्व्हरवर, ‘एलएमयूटिल एलएमस्टॅट -ए -सी २७०००@लोकलहोस्ट’. एलएमजीआरडी ‘अप’ आणि व्हेंडर डीमनही ‘अप’, दोन्ही दिसले पाहिजेत. सीटची संख्या पीओमधल्याशी (खरेदीच्या ऑर्डरमधल्याशी) जुळवून घ्या. तीन मागितल्या आणि फाइलमध्ये दोन आल्या, हे आजच कळलेलं बरं.

दोन पोर्ट

व्हेंडरच्या ओळीत ‘पोर्ट=’ लिहिलेलं नसेल तर डीमन दरवेळी सुरू होताना हाताला लागेल तो पोर्ट घेतो. त्यामुळे काल चाललेलं आज चालत नाही, आणि सगळे म्हणतात ‘काहीच बदललं नव्हतं’. २७००१ टाकून पक्का करा. एलएमजीआरडीसाठी २७००० ते २७००९ ही नेहमीची पट्टी आहे. दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्याच सर्व्हरवर असेल तर त्याला वेगळा एलएमजीआरडी आणि पट्टीबाहेरचा पोर्ट द्या, जसं २७०१०, म्हणजे एकाच्या रीस्टार्टमध्ये दुसऱ्याचं काम थांबत नाही. पोर्ट निवडताना ३२७६८ ते ६०९९९ टाळा. लिनक्स स्वतःच्या बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी याच पट्टीतले आकडे उचलतं आणि कधीतरी नेमका तुमचाच उचलेल.

आता यूएफडब्ल्यू, म्हणजे उबुंटूवरचा फायरवॉल. दूरून काम करताना इथला क्रम चुकवू नका. आधी ‘यूएफडब्ल्यू अलाऊ २२/टीसीपी’, मग लायसन्सचे दोन पोर्ट, मग ‘यूएफडब्ल्यू एनेबल’. तरी धास्ती वाटत असेल तर एनेबल करण्याआधी टीमक्सच्या दुसऱ्या खिडकीत रूट होऊन ‘स्लीप ३००; यूएफडब्ल्यू डिसेबल’ लावून ठेवा. स्वतःला बाहेर कोंडलंत तर पाच मिनिटांत दार उघडेल. सगळं ठीक असेल तर कंट्रोल-सी. चालू एसएसएच बंद न करता दुसरं नवं एसएसएच लागतंय का बघा. नवं लागलं तरच झालं म्हणायचं.

पोर्ट सगळ्या जगाला उघडू नका, फक्त राजारामपुरी ऑफिसच्या आयपी पत्त्यांच्या पट्ट्याला. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून एलएमजीआरडी उघड्या इंटरनेटवर ठेवणं तर पूर्ण टाळा. दोन ठिकाणं जोडायला वायरगार्डसारखं व्हीपीएन घ्या, त्याला एकच यूडीपी पोर्ट लागतो, नेहमीचा ५१८२०. लायसन्सची देवाणघेवाण अगदी थोड्या डेटाची असते, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही ती आरामात चालते. जड असतात त्या सिम्युलेशनच्या फाइली, आणि त्या डिझायनरच्याच मशिनवर आहेत.

उणे ९६ आणि नावाचा घोळ

वॉचमन स्टोअरचा पत्ता सांगतो तो आयपीने नाही, लायसन्स फाइलच्या पहिल्या ओळीत लिहिलेल्या नावाने. तुम्ही डिझायनरच्या मशिनवर २७०००@१०.८.०.१ असं लिहिलंत, एलएमजीआरडी भेटला, त्याने सांगितलं ‘शिरोली-१ वर २७००१ ला जा’, आणि राजारामपुरीतल्या विंडोजला शिरोली-१ कोण हेच माहीत नाही. तिथे अडतं. ऑफिसात स्वतःचं डीएनएस नसेल तर प्रत्येक विंडोजवर सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरातल्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये एक ओळ घाला: सर्व्हरचा व्हीपीएनमधला आयपी, स्पेस, शिरोली-१. नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्याशिवाय ती सेव्ह होत नाही. तीन मशिनसाठी हे पुरे आहे.

व्हीपीएन अजून उभं नसेल आणि आजच काम हवं असेल तर एसएसएच टनेल: ‘एसएसएच -एल २७०००:लोकलहोस्ट:२७००० -एल २७००१:लोकलहोस्ट:२७००१ यूजर@सर्व्हर’, एल मोठा. इथे तर नावाचा मुद्दा आणखी पक्का: होस्ट्स फाइलमध्ये शिरोली-१ समोर १२७.०.०.१ लिहावं लागतं. नाहीतर पहिला पोर्ट टनेलमधून जातो, आणि दुसरा टनेल सोडून खऱ्या पत्त्यामागे धावतो.

डिझायनरच्या मशिनवर

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एलएम_लायसन्स_फाइल, सगळं मोठ्या अक्षरांत, किंमत २७०००@शिरोली-१. व्हेंडरचं स्वतःच्या नावाचं व्हेरिएबल असेल तर तेच वापरा. एलएम_लायसन्स_फाइल मशिनवरची फ्लेक्सनेटची सगळीच सॉफ्टवेअरं वाचतात आणि मग कॅडचं सॉफ्टवेअरही सिम्युलेशनच्या सर्व्हरकडे चौकशी करत बसतं. एकापेक्षा जास्त पत्ते लिहायचे तर विंडोजवर मधे अर्धविराम, लिनक्सवर कोलन. पोर्ट लिहायला विसरलात तर क्लायंट २७००० ते २७००९ एकेक ठोठावत जातो आणि प्रत्येकासाठी फक्त ०.१ सेकंद थांबतो. व्हीपीएन जरा मंद असेल तर तेवढ्यात उत्तर येत नाही. पोर्ट लिहा, हा प्रश्नच उरत नाही.

जुना पत्ता कुठे लपून बसतो तेही बघा. फ्लेक्सनेट यशस्वी झालेला पत्ता लक्षात ठेवतं: लिनक्सवर होम डिरेक्टरीतल्या .फ्लेक्सएलएमआरसी फाइलमध्ये, विंडोजवर रजिस्ट्रीत एचकेएलएम, सॉफ्टवेअर, ‘फ्लेक्सएलएम लायसन्स मॅनेजर’ इथे. व्हेरिएबल बदलूनही सॉफ्टवेअर सुरू व्हायला उगाच वेळ लागत असेल तर तिथे कुठलातरी मेलेला सर्व्हर असतो आणि आधी त्याची वाट बघितली जाते.

चूक आलीच तर नुसता उणे १५ वाचून थांबू नका. त्याच खिडकीत खाली ‘सिस्टिम एरर’ असतो, खरी माहिती तिथे आहे. विंडोजवर १००६१ म्हणजे नकार: पाकीट सर्व्हरपर्यंत पोचलं, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. डीमन बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय. १००६० म्हणजे वाट बघून वेळ संपली: मधेच फायरवॉलने पाकीट गिळलं. लिनक्स क्लायंटवर हेच आकडे १११ आणि ११० असे येतात. पहिल्यासाठी सर्व्हरवर ‘एसएस -टीएलएनपी’ बघायचं, दुसऱ्यासाठी फायरवॉल. एवढ्या एका आकड्याने अर्धा दिवस वाचतो. आणि राजारामपुरीतून चालवलेल्या एलएमस्टॅटमध्ये एलएमजीआरडी ‘अप’, व्हेंडर डीमनशी मात्र जोडणी नाही, पण सर्व्हरवर दोन्ही ‘अप’, असं दिसलं तर निदान झालंच: २७००१ बंद आहे किंवा नाव कळलेलं नाही.

लाइट गेल्यानंतर

/ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिममध्ये फ्लेक्सएलएम.सर्व्हिस करा. त्यात नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट हे आफ्टर आणि वॉन्ट्स दोन्हींत लिहा. नेटवर्क उठायच्या आत डीमन सुरू झाला तर नाव सापडत नाही आणि तो बसतो. टाइप सिंपल, यूजर फ्लेक्सएलएम, सुरू करायच्या ओळीत एलएमजीआरडीचा पूर्ण पाथ, -झेड, -सी आणि लायसन्सचा पूर्ण पाथ, मग -एल आणि लॉग फाइलच्या आधी अधिकचं चिन्ह. ते चिन्ह नसेल तर प्रत्येक रीस्टार्टला जुना लॉग पुसला जातो, म्हणजे बिघडल्या क्षणाचा पुरावाच नाही. रीस्टार्ट ‘ऑन-फेल्युअर’ आणि मधे ६० सेकंद ठेवा, कारण बंद झालेला पोर्ट लिनक्स जवळजवळ मिनिटभर सोडत नाही आणि घाई केली की एररनंबर ९८, पोर्ट वापरात आहे. लॉगसाठी लॉगरोटेटमध्ये ‘कॉपीट्रंकेट’ घाला.

थांबवायला ‘एलएमयूटिल एलएमडाऊन’. ‘किल -९’ नको. त्याने वॉचमन जातो, स्टोअरकीपर अनाथ होऊन २७००१ धरून बसतो आणि पुढचा एलएमजीआरडी उठत नाही. एलएमडाऊन कुणीही नेटवरून चालवू नये म्हणून सुरू करताना ‘-लोकल’ द्या, मग ते फक्त सर्व्हरवरूनच चालतं.

तुमचा सर्व्हर उबुंटू आहे म्हणून सेलिनक्स या सुरक्षा-व्यवस्थेची गाठ पडणार नाही. कागलच्या प्लांटला हेच रॉकी किंवा रेड हॅटवर केलंत आणि हाताने चालणारा प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून २०३/एक्झेक देऊन मेला, तर फाइली होम डिरेक्टरीतून ‘एमव्ही’ने हलवलेल्या असतील. ‘रीस्टोअरकॉन -आरव्ही /ऑप्ट/फ्लेक्सएलएम’, पहिला आर मोठा.

घड्याळाचंही बघा. जुन्या मशिनच्या मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. लाइट जाऊन आली की घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग डीमनला वाटतं मुदत चुकवायला कोणीतरी तारीख मागे केली, आणि उणे ८८ येतं. ‘टाइमडेटसीटीएल’मध्ये एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणं) चालू आहे का बघा. घड्याळ चुकून पुढे गेलेलं असताना काही फाइली लिहिल्या गेल्या असतील तर घड्याळ दुरुस्त केल्यावरही ही तक्रार राहते, कारण भविष्यातल्या तारखेच्या फाइली डिस्कवर तशाच असतात. त्या ‘फाइंड’ने शोधून ‘टच’ कराव्या लागतात. सेल मात्र माणसानेच जाऊन बदलायचा.

आणि प्लांटमध्ये माणूस पोचणं हेच कधी कधी अवघड असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता बंद राहिला. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पावसाळ्यात आकडा तिकडे सरकू लागला की सर्व्हर बंद करावा लागणार हे धरून चाला. फ्लोटिंग लायसन्स त्या एका मॅकला बांधलेलं आहे, दुसऱ्या मशिनवर ते चालत नाही, आणि मॅक नकली करून चालवणं करारात बसत नाही. म्हणून जूनच्या आधी व्हेंडरला विचारून ठेवा: रीहोस्ट (लायसन्स दुसऱ्या मशिनला बांधून देणं) वर्षातून किती वेळा, फॉर्म कुठला, किती तासांत नवी फाइल मिळते, आणि तोवर काही दिवसांची तात्पुरती फाइल देतात का. राजारामपुरीतल्या एखाद्या मशिनचा होस्टआयडी आधीच काढून ठेवलात तर त्या वेळी एक मेल पुरेल.

अडकलेल्या सीट आणि नूतनीकरण

व्हीपीएन मधेच तुटलं की डिझायनरची सीट काही वेळ अडकून राहते. त्याहून जास्त वेळा कोणीतरी सॉफ्टवेअर उघडं टाकून जेवायला गेलेलं असतं. व्हेंडर डीमनच्या ऑप्शन्स फाइलमध्ये ‘टाइमआउटऑल ३६००’, मोठ्या अक्षरांत, लिहिलं की तासभर न वापरलेली सीट परत येते. व्हेंडरने किमान मर्यादा ठरवलेली असते, बऱ्याचदा ९०० सेकंद, त्याखाली लिहून उपयोग नाही. आणि सॉफ्टवेअरने स्वतः साथ दिली तरच हे चालतं. रात्रभर चालणारं सिम्युलेशन मधेच सीट गमावणार नाही ना, हे एका छोट्या मॉडेलवर आधी बघा.

मुदत संपायच्या ३० दिवस आधी ‘एलएमयूटिल एलएमस्टॅट -आय’ बघायची सवय ठेवा, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीत) घालून मेल आला तर उत्तम. बरीच लायसन्स ३१ मार्चला संपतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात अकाउंट्सवाले पीओला हात लावत नाहीत. नवी फाइल आली की तिच्यात मशिनचं नाव, डीमनचा पाथ आणि ‘पोर्ट=२७००१’ पुन्हा घालावं लागतं, कारण व्हेंडर स्वतःच्या साच्यातून फाइल पाठवतो. जुनी फाइल तारीख लावून बाजूला ठेवा, नवी त्याच नावाने ठेवा, ‘एलएमयूटिल एलएमरीरीड’ चालवा. फक्त मुदत किंवा सीट बदलल्या असतील तर कोणाचंही काम न थांबता नवी मुदत लागू होते. पहिल्या दोन ओळींतलं नाव, पोर्ट किंवा पाथ बदलला असेल तर रीरीड ते उचलत नाही. सर्व्हिस रीस्टार्टच करावी लागते. ते डिझायनर घरी गेल्यावर करा.